आग्नेय आशियातला, प्रवासानं घडलेला आणि कविताही लिहिणारा आधुनिक चित्रकार कोण?

माझं उत्तर लतीफ मोहिदिन. मलेशियाचे, जन्म 1941. चित्रं आणि कविता दोन्हींत तोलामोलाचं काम केलेला आणि फिरल्यामुळे खरंच बदललेला कलावंत तुम्हाला हवाय, म्हणून हेच नाव आधी सुचलं.

साठच्या दशकाच्या सुरुवातीला शिष्यवृत्ती मिळाली आणि ते पश्चिम बर्लिनला कला शिकायला गेले. जर्मन एक्स्प्रेशनिस्टांची (दिसतं तसं न काढता मनातली तीव्र भावना रंगवणाऱ्या चित्रकारांची) जाड काळी रेघ आणि अंगावर येणारे रंग त्यांनी तिथेच आत्मसात केले. पण माझ्या मते खरी कलाटणी दिली ती बर्लिनच्याच डाहलेम भागातल्या वस्तुसंग्रहालयानं. आग्नेय आशियातून नेलेल्या वस्तू तिथे मांडलेल्या होत्या. त्या बघताना आपल्याच मुलखाचे आकार त्यांना नव्यानं दिसले, आणि त्यातून 'पागो-पागो' ही चित्रमालिका सुरू झाली. 1964 मध्ये परत आल्यावर ते थायलंड, कंबोडिया, लाओस, व्हिएतनाम असे हिंडत राहिले आणि मालिका वाढत गेली.

या मालिकेतलं एखादं चित्र मोठं करून सावकाश बघा. समोरचा आकार देवळाचं शिखर वाटतो, तोवर त्यात बांबूचा कोंब दिसायला लागतो. कडा शिंपल्यासारख्या वळलेल्या, टोकं शिंगासारखी अणकुचीदार. दगडी बांधकाम कुठे संपलं आणि झाडोरा कुठे सुरू झाला, हे ठरवताच येत नाही. पाश्चात्त्य शैलीची नक्कल म्हणून कुणी ही चित्रं बाजूला सारली की मला फार वाईट वाटतं. रेघ बर्लिनची असेल, पण ती ज्या आकारांभोवती फिरते ते सगळे इकडचे आहेत.

कवितेत सुरुवात 'सुंगाई मेकाँग' (म्हणजे 'मेकाँग नदी') या कवितेपासून करा. याच नावाचा त्यांचा संग्रह 1972 चा, म्हणजे व्हिएतनाम युद्ध चालू असतानाचा. कवी नदीशीच बोलतो, आपलं एकटेपण तिला सांगतो, आणि शेवटाकडे येणाऱ्या वादळाची, लाल होणाऱ्या पाण्याची चाहूल लागते. युद्धावर इतक्या हळू आवाजात लिहिलेलं मी फार कमी वाचलंय. पुढे त्यांनी जर्मन कवी ग्योथेचं 'फाउस्ट' हे नाटक मलय भाषेत नेलं, तेही बर्लिनचंच देणं म्हणायला हवं.

2018 मध्ये पॅरिसच्या पॉम्पिदू सेंटर या आधुनिक कलेच्या संग्रहालयात 'पागो-पागो'चं प्रदर्शन झालं होतं. सिंगापूरला जाणं झालं तर तिथल्या नॅशनल गॅलरीच्या संग्रहातही त्यांची चित्रं आहेत.