ख्रिस्ती माध्यमिक शाळेत धर्मशिक्षणामुळे अभ्यास मागे पडतो का?

ठाण्यातील एका ख्रिस्ती शाळेत मुलीला आठवीत प्रवेश घ्यावा की धर्मशिक्षणाच्या तासांमुळे तिची दहावी अडचणीत येईल, असा आपला प्रश्न आहे. माझ्या मते ही भीती बहुतांशी अनाठायी आहे. संविधानाच्या कलम 30 नुसार अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था चालवण्याचा अधिकार आहे. पण कलम 28(3) प्रमाणे, शासनमान्य किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीवाचून कोणत्याही अल्पवयीन विद्यार्थ्याला धर्मशिक्षणाला किंवा उपासनेला बसण्याची सक्ती करता येत नाही. शिवाय शाळा राज्य मंडळाची असेल, तर अभ्यासक्रम आणि दहावीची परीक्षा इतर शाळांसारखीच असते.

खरी परीक्षा वेळापत्रकाची आहे. अनेक शाळांमध्ये ख्रिस्ती मुले धर्मशिक्षणाला जातात, त्याच तासाला बाकीची मुले मूल्यशिक्षणासाठी बसतात. ही व्यवस्था मला योग्य वाटते, कारण त्यात कोणाचेच गणित किंवा विज्ञान बुडत नाही. मात्र धर्मशिक्षणाचा तास प्रयोगशाळेच्या तासावर येत असेल, किंवा मूल्यशिक्षणाच्या नावाखाली मुलांना नुसते गप्प बसवून ठेवले जात असेल, तर पालकांनी जरूर आक्षेप घ्यावा. (धर्मशिक्षणही पाठांतरापुरते उरले, तर त्या ख्रिस्ती मुलांचेही नुकसानच होते.) म्हणून प्रवेशाआधी आठवी ते दहावीचे वेळापत्रक मागून घ्या, आणि धर्मशिक्षण नको असल्यास तसे मुख्याध्यापकांना लेखी कळवून पोच घ्या.