एक्स्चेंजवर पैसे टाकण्याआधी

बाळा, परवा नव्या पेठेत भेटलास आणि बोनसचे पैसे बिटकॉइनमध्ये टाकायचं म्हणालास तेव्हा घाईत होतो, म्हणून आज नीट लिहितो.

एक्स्चेंज म्हणजे बिटकॉइनसारखी डिजिटल नाणी घेण्या-विकण्याचा ऑनलाइन बाजार; ती बँक नव्हे. तू बिटकॉइन घेतलंस की एक्स्चेंजच्या वहीत तुझ्या खात्यापुढे आकडा पडतो, एवढंच. खरी किल्ली, म्हणजे बिटकॉइन हलवायचा गुप्त कोड, त्यांच्याकडेच राहते. चादरींचे गठ्ठे दुसऱ्याच्या गोदामात ठेवून आपण नुसती पावती घेऊन घरी यावं, तसं. गोदामच लुटलं गेलं तर पावती कोणाला दाखवणार?

टोकियोच्या माउंट गॉक्सचं हेच झालं. २०१० मध्ये सुरू झालेलं हे एक्स्चेंज, एके काळी जगातले बहुतांश बिटकॉइन व्यवहार तिथूनच व्हायचे. फेब्रुवारी २०१४ मध्ये दिवाळं निघालं. सुमारे साडेआठ लाख बिटकॉइन गेल्याचं जाहीर झालं. त्यातले दोन लाख नंतर एका जुन्या वॉलेटमध्ये (किल्ल्या ठेवायच्या डिजिटल पाकिटात) सापडले. लोकांच्या हाती बिटकॉइन परत पडायला २०२४ उजाडलं. दहा वर्षं!

माझेही पैसे एकदा अडकलेत. पैसे काढायची सोय एका रात्रीत बंद झाली, महिनाभर झोप नव्हती. म्हणून आधी पाचशे रुपये टाक आणि ते परत बँकेत काढून बघ. एक्स्चेंज एफआययूकडे, म्हणजे केंद्र सरकारच्या आर्थिक गुप्तवार्ता विभागाकडे, नोंदलेलं आहे का, तेही तपास.

कर लक्षात ठेव: नफ्यावर ३० टक्के, विक्रीवर १ टक्का टीडीएस. एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही.

बोनसच्या पैशांना अजून हात लावू नकोस. रविवारी घरी ये, स्वतःच्या वॉलेटचे बारा शब्द (ज्यांच्यावरून हरवलेलं वॉलेट परत उघडता येतं) कागदावर कसे उतरवून ठेवायचे ते दाखवतो.