ऑइल फिल्टर घट्ट बसलाय, सुटत नाही. स्क्रूड्रायव्हर आरपार ठोकून फिरवू का?

नका ठोकू, पत्रा फाटतो, बूड तसंच चिकटून राहतं आणि मग धरायलाही काही उरत नाही. इंजिन तीन-चार मिनिटं चालवून बंद करा, तेल काढा आणि मापाचा कॅप पाना (फिल्टरच्या टोकावर टोपीसारखा बसणारा) लावून डावीकडे फिरवा. नवा फिल्टर दाखवला की त्याच्या मापाचा हा पाना मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मिळेल. गॅरेजमध्ये रोज हेच पाहतो: रबरी रिंग कोरडीच बसवलेली, वर पान्याने आवळलेली. सुटल्यावर जुनी रिंग इंजिनला चिकटली नाही ना, बोटाने चाचपा. रिंगवर रिंग बसली की तेल गळणारच. नव्या रिंगला तेल लावा, टेकल्यावर हातानेच पाऊण वळसा. हे पत्र्याच्या फिल्टरचं झालं. प्लॅस्टिक झाकणाचा असेल तर त्याच झाकणाचा सॉकेट वापरा, जोर केलात तर झाकण तडकतं.