आधी चौकट आणि वायरिंग, काच शेवटी

प्रश्न : वडिलांनी घेतलेली १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी मी पूर्ववत करून घेत आहे. समोरच्या काचेवर वायपरचे ओरखडे आहेत, पावसात डाव्या कोपऱ्यातून डॅशबोर्डखाली पाणी झिरपते आणि हेडलाइट मंद झाले आहेत. गॅरेजवाले आधी काच बसवू म्हणतात. मार्गदर्शन करावे.
— एक वाचक, सातारा

उत्तर : काच आधी बसवू नये, असा माझा आग्रह राहील. बॅटरीची ऋण तार सोडवून काचेभोवतीचे जुने रबर ब्लेडने कापावे आणि काच काढावी. रबराखाली, विशेषतः खालच्या कोपऱ्यांत, गंज सापडण्याची शक्यता मोठी आहे आणि तो घासताना उडणाऱ्या ठिणग्या नव्या काचेवर कायमचे ठिपके पाडतात. पत्रा स्वच्छ करून प्रायमर व रंग पूर्ण वाळू द्यावा.

काच नसताना मोकळेपणाने वायरिंग तपासावे. झिरपलेल्या पाण्याने जोड हिरवे पडले आहेत का, इंजिनाकडे जाणाऱ्या तारांचे रबरी ग्रोमेट (पत्र्याच्या छिद्रातली, तार कापू न देणारी कडी) फाटले आहेत का, हे पाहावे. केवळ मीटरने तार अखंड असल्याची खात्री पुरेशी नसते, कारण एकच धागा शिल्लक असलेली तारही मीटरवर चांगलीच दिसते. म्हणून बॅटरी पुन्हा जोडून, दिवे लावून, दिव्याच्या अर्थिंगपासून (दिव्याची तार गाडीच्या पत्र्याला बोल्टने जोडलेली असते त्या जागेपासून) बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत व्होल्टेज मोजावे. ६० वॉटचे दोन बल्ब १२ व्होल्टवर मिळून सुमारे १० अँपिअर ओढतात. सामायिक अर्थिंगच्या गंजलेल्या जोडात केवळ ०.१ ओहम रोध असला, तरी जवळपास एक व्होल्ट तिथेच खर्च होतो आणि प्रकाश सुमारे पाव भागाने घटतो. पुष्कळदा बोल्टखालचा रंग खरवडून जोड घट्ट केल्यानेच दिवे सुधारतात. फ्यूज उडत असल्यास जास्त अँपिअरचा फ्यूज मात्र कधीही घालू नये. फ्यूज तारेच्या रक्षणासाठी असतो आणि तो उडाला नाही तर तार पेटते.

काच लॅमिनेटेडच (दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा थर असलेली) घ्यावी. नवे रबर काचेवर चढवून त्याच्या खाचेत दोरी घालावी, साबणाचे पाणी लावावे (तेल नको, त्याने रबर फुगते) आणि एकाने बाहेरून हलके दाबत असताना दुसऱ्याने आतून दोरी ओढावी. गालिचा अंथरण्यापूर्वी पाण्याचा मंद फवारा खालून वर सरकवत नेऊन गळती तपासावी.