कापसाच्या नोंदींत स्तंभ वाढला किंवा घटला, तर सारे गणित पुन्हा करावे का?

प्रश्न : मी वर्धा जिल्ह्यातील आर्वी तालुक्यात गणित शिकवतो. परिसरातील पऱ्हाटीच्या १,२०० शेतनोंदींवरून एकरी उत्पन्नाचा अंदाज बांधणारा प्रोग्राम विद्यार्थ्यांसह लिहिला आहे. महिनावार पाऊस, पेरणीची तारीख, खत, कामगंध सापळ्यांतील बोंडअळीचे पतंग असे ४० स्तंभ आहेत. कोणते ठेवावेत हे ठरवण्यासाठी प्रोग्राम एकेक स्तंभ हजारो वेळा घालतो आणि काढतो, व दर वेळी क्यूआर अवयवीकरण, म्हणजे नोंदींच्या सारणीची क्यू आणि आर या दोन सारण्यांच्या गुणाकारात मांडणी, मुळापासून करतो. याला दुसरा मार्ग आहे का?

उत्तर : आहे. एकदाच गणित करायचे असते, तर मुळापासून करणेच सोपे होते. परंतु आपले काम हजारो वेळा चालते, म्हणून जुने अवयव टाकून देणे परवडणारे नाही. क्यूचे स्तंभ एकक लांबीचे व परस्परलंब असतात आणि आरमध्ये कर्णाखाली केवळ शून्ये असतात. हे दोन्ही गुण टिकवून बदल करता आला, की काम झाले.

नवा स्तंभ शेवटी जोडताना क्यूच्या प्रत्येक स्तंभाशी त्याचा अदिश गुणाकार करावा. ते आकडे आरच्या नव्या स्तंभात जातात. त्या त्या दिशेचा वाटा वजा केल्यावर जे उरते त्याची लांबी कर्णावर येते आणि त्या लांबीने भागलेला अवशेष क्यूचा नवा स्तंभ होतो. चाळीस स्तंभांच्या पूर्ण अवयवीकरणाला सुमारे ३८ लाख अंकगणिती क्रिया लागतात. एक स्तंभ जोडायला सुमारे १ लाख ९२ हजार पुरतात.

येथे एक धोका आहे आणि तो आपल्याच नोंदींत दडलेला असू शकतो. जून ते सप्टेंबरचा पाऊस महिनावार घेतला असताना एखाद्या विद्यार्थ्याने ‘एकूण पाऊस’ हाही स्तंभ घातला, तर अवशेष शून्य यायला हवा. संगणक मात्र पूर्णांकनामुळे अतिसूक्ष्म कचरा उरवतो आणि त्याला भागून मिळालेली दिशा निरर्थक असते. म्हणून मूळ स्तंभाच्या लांबीच्या तुलनेत अवशेष नगण्य ठरल्यास तो स्तंभ नाकारावा. अवशेष नगण्य नसला तरी बराच लहान झाला असेल, तर वजाबाकीची फेरी पुन्हा एकदा करावी. डॅनियल, ग्रॅग, कॉफमन आणि स्ट्यूअर्ट यांनी १९७६ मध्ये मांडलेल्या पद्धतीचा गाभा हाच आहे.

स्तंभ काढण्याची कृती मला अधिक सुंदर वाटते. दहावा स्तंभ काढला, की आरमधील पुढचे तीस स्तंभ एकेक घर डावीकडे सरकतात आणि प्रत्येकाच्या कर्णाखाली एकच नकोसा आकडा येतो. तो गिव्हन्स रोटेशनने, म्हणजे दोन ओळी एका ठरावीक कोनातून एकत्र फिरवून, घालवायचा. समजा, कर्णावर ३ आणि त्याखाली ४ आहे. ३/५ आणि ४/५ हे गुणक वापरून त्या दोन ओळी फिरवल्या, की वर ५ आणि खाली ० उरतो. हेच रोटेशन क्यूच्या संबंधित दोन स्तंभांनाही लावावे, म्हणजे गुणाकार बदलत नाही. अशी तीस रोटेशन्स वरून खाली क्रमाने केल्यावर आरची शेवटची ओळ शून्य होते. ती आणि क्यूचा शेवटचा स्तंभ वगळावा. शेवटचाच स्तंभ काढायचा असेल, तर एकही रोटेशन लागत नाही. त्यामुळे वारंवार ये-जा करणारे स्तंभ उजव्या टोकाला ठेवावेत.

पूर्णांकनाच्या चुका हळूहळू साचतात. ठरावीक बदलांनंतर क्यूचे स्तंभ अजून परस्परलंब आहेत का, हे तपासावे आणि ढळलेले दिसल्यास मूळ नोंदींवरून एकदा नव्याने अवयवीकरण करावे.