१३ बायका, ३ पुरुष आणि ५ आठवडे: नाताळची गाणी चार आवाजांत बसतील का?

तुम्ही लिहिलंय की नागपुरातल्या तुमच्या चर्चच्या क्वायरमध्ये १६ जण आहेत, त्यात पुरुष तीनच. साथीला एक की-बोर्ड, हाताशी ५ आठवडे. आणि पाच गाणी चार आवाजांत, म्हणजे एकाच वेळी चार वेगळ्या ओळी गात, हवीत, त्यात हँडेलचा 'हालेलूया' कोरसही.

माझा सल्ला: चार नको, तीन आवाज करा. सोप्रानो (बायकांचा वरचा आवाज) ७, अल्टो (बायकांचा खालचा) ६ आणि तिन्ही पुरुष एकाच ओळीवर. तिघांत टेनर (पुरुषांचा वरचा आवाज) आणि बास (खालचा) वेगळे काढले, तर एकाला सर्दी झाली की अख्खा आवाज गायब. ही ओळ मिडल सीच्या (की-बोर्डच्या मधल्या पांढरी एकच्या) खालच्या सप्तकातल्या पांढरी एकपासून मिडल सीच्या शेजारच्या पांढरी दोनपर्यंत ठेवा, म्हणजे तिघांनाही झेपते. त्यांना कडेला उभं करू नका, मधोमध पुढे घ्या.

यात कमीपणा काहीच नाही. 'सायलेंट नाइट' १८१८ साली ऑस्ट्रियात ओबर्नडॉर्फला पहिल्यांदा गायलं गेलं, ते मुख्यतः दोन आवाज आणि गिटारवर. 'हालेलूया' मात्र यंदा सोडाच. एक तर तो हँडेलच्या 'मसीहा' या मोठ्या गायनरचनेच्या दुसऱ्या भागाच्या शेवटी येतो, म्हणजे दुःखसहन आणि पुनरुत्थानानंतर. नाताळशी त्याचं नातं लोकांनी जोडलेलं. दुसरं म्हणजे सोप्रानो पायरीपायरीने चढत वरच्या पांढरी पाचवर जाते आणि तिथे लांब सूर धरून राहते. सात जणींनी ते धरलं, तरी खाली आधाराला पुरुष तीनच.

पाचांपैकी दोनच गाणी तीन आवाजांत बसवा, बाकीची सगळ्यांनी एकसुरात गावीत. नारायण वामन टिळकांची अभंगाच्या वळणाची पदं तर एकसुरातच शोभतात. त्यांच्याखाली कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) भरले की चालीचा जीव जातो.

आता पट्टी. बहुतेकांचं इथेच चुकतं. 'सायलेंट नाइट' सरगममध्ये 'प ध प ग' असं सुरू होतं. सगळ्यात खाली मध्य सा, सगळ्यात वर तार म. मूळ पट्टी पांढरी दोन. तिच्यात तो तार म वरच्या पांढरी पाचवर येतो आणि नवख्या सोप्रानो तिथे ओरडतात. मिडल सीच्या खालची काळी पाच सा धरा, मग तोच म वरच्या काळी दोनवर उतरतो. शेवटचा सा सोप्रानोंना खोल जाईल. तो अल्टोंच्या जिवावर सोडा. लय दादऱ्यासारखी सहा मात्रांची, पण ढोलकी नको, हमखास पळते.

आठवड्याला दीड-दीड तासाच्या दोन तालमी धरल्या तर दहा होतात. बसवताना चाल आधी शिकवू नका. पुरुषांची ओळ पहिली, मग अल्टो, सोप्रानो शेवटी. चाल सगळ्यांना पाठ असते, त्यामुळे अल्टो पहिल्या संधीला तिच्यावर घसरते. अल्टोची ओळ 'आ'वर चार-पाच वेळा घोटा, शब्द नंतर. तिच्या ओळीत एकच सूर सलग बराच वेळ येतो आणि दर वेळी केसभर उतरतो. कडव्याच्या शेवटी की-बोर्डवर सा वाजवला की किती उतरला ते कळतं. असं झालं तर पूर्ण तालीम अर्ध्या सुराने वर घेऊन बघा, बरेचदा तेवढ्यानेच सूर टिकतो.

भजनाची सवय असलेल्यांना मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, आपोआप येते. एकसुरात ती गोड लागते, पण तीन आवाजांत प्रत्येक जण आपापल्या वेळेला घसरतो आणि कॉर्ड गढूळ होते. अशा ठिकाणी सूर सरळ, उभे लावायला सांगा.

'ख्रिस्त' हा शब्द तर खास त्रासाचा. १६ जणांनी शेवटचा 'स्त' आपापल्या वेळी म्हटला की प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखं ऐकू येतं. 'ख्रि'चा स्वर लांबवा, आणि 'स्त' नेमक्या ठरलेल्या मात्रेवर फक्त चार जणींनी म्हणावा. बाकीच्यांनी गिळून टाकावा. ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही. लांब ओळीत श्वासही आळीपाळीने घ्यायचा: शेजारीण घेत असेल तेव्हा आपण नाही. कागदावर श्वासाच्या जागी पेन्सिलने स्वल्पविराम करून ठेवा.

मोहल्ल्यात फिरून कॅरल गाणार असाल तर नागपूरची डिसेंबरातली रात्र लक्षात घ्या. गरम खोलीतून बाहेर आणलेल्या गिटारच्या तारा थंडीत आखडतात आणि सूर चढतो. गिटार दहा मिनिटं बाहेर ठेवा, मग जुळवा. आणि तर्री-पोहे तालमीनंतर. आधी खाल्ले तर तिखटाने घसा धरतो आणि पहिलीच वरची ओळ खोकल्यात जाते.