धर्म घरापुरताच ठेवावा का?

तुम्ही विचारलंय, 'इतके धर्म एकत्र नांदणाऱ्या देशात धर्म घरातच ठेवावा, सार्वजनिक जागी आणूच नये, हे बरं नाही का?'

मला ते पटत नाही. मी ठाण्यात राहते. इथे मासुंदा तलावाच्या काठी कौपीनेश्वराचं देऊळ आहे आणि त्याच तलावाकाठी सेंट जॉन बाप्टिस्ट चर्च. सिव्हिल हॉस्पिटलच्या परिसरात १८७९ सालचं सिनेगॉग आहे, मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली ज्यूंचं. टेंभी नाक्यावर पारशांची अग्यारी, आणि नवरात्रात त्याच नाक्यावर देवीच्या दर्शनाची रांग. पाडव्याची शोभायात्रा, नाताळची रोषणाई, गणपतीची मिरवणूक हे सगळं चार भिंतींत कोंडलं तर शेजारी काय मानतो, कसं मानतो, हे आपल्या मुलांना दिसणार तरी कुठे?

घटनाही धर्म घरात ठेवा असं म्हणत नाही. कलम २५ धर्म आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क देतं, मात्र सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांना बाध न आणता. ही अट सगळ्यांना माहीत असते, पण ती आपल्याला लावून घ्यायची कोणाचीच तयारी नसते.

म्हणून मी एवढंच बघते की, जो माणूस त्या उत्सवात नाही, त्याचं आपण काय हिरावून घेतोय? झोप, रस्ता की पैसे?

झोप आणि रस्त्याची लढाई ठाण्याचेच डॉ. महेश बेडेकर कोर्टात लढले. त्यांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये स्पष्ट सांगितलं की लाऊडस्पीकर हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही आणि रस्ता-फुटपाथ अडवून मंडप टाकण्याचा मूलभूत हक्क कोणालाच नाही. त्याआधी २००० साली सर्वोच्च न्यायालयाने चेन्नईतल्या एका चर्चच्या प्रकरणातही हेच बजावलं होतं, की दुसऱ्याची शांतता मोडून प्रार्थना करा असं कुठलाच धर्म सांगत नाही. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा, रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस ही वेळ रात्री १२ पर्यंत वाढवू शकतं. नियम मंदिराला, मशिदीला, चर्चला एकच आहे. मशिदीच्या भोंग्यासाठी तो तोंडपाठ असणारी माणसं आपल्या डीजेसमोर मूग गिळून बसतात, याचा मला मनापासून संताप येतो.

पैशांबद्दल मात्र कोणी बोलत नाही. कलम २७ म्हणतं, एखाद्या विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी कोणालाही कर भरायला भाग पाडता येणार नाही. हे सरकारला लागू आहे, सोसायटीला थेट नाही. पण आमच्या मेंटेनन्स बिलात 'उत्सव निधी' अशी एक ओळ छापून यायची, आणि शेजारच्या विंगमधलं ख्रिस्ती कुटुंब ती रक्कम निमूट भरायचं. वार्षिक सभेत मी विषय काढला तेव्हा एक काका म्हणाले, "अहो, प्रसाद तर सगळेच खातात ना!" त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. आपल्याला जे सहज वाटतं ते दुसऱ्याला सक्तीचं वाटू शकतं, हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. तासभर वाद झाला. शेवटी ती ओळ बिलातून काढून वर्गणीचं वेगळं पावतीपुस्तक केलं. त्या वर्षी वर्गणी कमी जमली, मखर लहान झालं. आरतीची गर्दी तेवढीच होती.

तुमच्याकडेही असं काही चालत असेल तर वार्षिक सभेच्या आधी सेक्रेटरींना लेखी द्या. आणि त्या पत्रावर पहिली सही उत्सव समितीतल्याच कोणाची तरी घ्या. ज्या कुटुंबाला हे खुपतंय, त्याला पुढे करू नका.